एकच मेथड पुन्हा पुन्हा कॉल होते तेव्हा: रस्टच्या युनिट टेस्टमध्ये मॉक नीट कसा बसवायचा

गेल्या उन्हाळ्यात अंबडकडच्या एका मोसंबीच्या बागेत मोटार जळाली. आमच्या टीमने रस्ट या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम त्या स्टार्टरवर चालत होता. बोअर कोरडा पडला की करंट घसरतो. सलग तीन वाचनं कमी आली की मोटार बंद करायची, एवढंच त्याचं काम. बागेच्या मालक काकांनी वाइंडिंग आणून टेबलावर ठेवलं. तांबं काळं पडलेलं, खोलीभर जळक्या वार्निशचा वास. "टेस्टबिस्ट मला सांगू नका," ते म्हणाले, "पाणी संपल्यावर मोटार बंद व्हायला पाहिजे होती का नाही?"

टेस्ट होती आणि हिरवी, म्हणजे पासही होती. पण तिच्यातल्या मॉकने, म्हणजे खऱ्या मोटारीच्या जागी बसवलेल्या नकली वस्तूने, कमी करंट एकदाही दिलाच नव्हता. रिवाइंडिंगचं बिल आम्ही भरलं. त्यानंतर नव्या पोरांच्या कोडमध्ये तीच चूक मला इतक्या वेळा दिसली की शेवटी हे लिहायला बसलो.

चूक अशी: एकाच मेथडवर दोन-तीन अपेक्षा (मेथड कॉल झाली की मॉकने काय उत्तर द्यायचं, हे आधी सांगून ठेवणं) लावायच्या आणि त्या आपोआप एकामागून एक वापरल्या जातील असं धरून चालायचं. त्या तशा वापरल्या जात नाहीत. पहिली अपेक्षा कधी संपणार हे तुम्ही सांगितलं नसेल, तर ती कधीच संपत नाही.

खालचं सगळं मॉकऑल या क्रेटबद्दल (रस्टच्या लायब्ररीबद्दल) आहे, ०.१३ मालिका धरून. क्रेटमधली नावं, रस्टचे शब्द आणि आकडे मी देवनागरीत देतोय, एडिटरमध्ये ते रोमनमध्येच टाइप करायचे. ट्रेटची (ट्रेट म्हणजे मेथडींचा ठरलेला संच) आणि मेथडींची नावं मात्र मराठीत ठेवली तरी कंपायलर कुरकुर करत नाही, रस्ट १.५३ पासून (जून २०२१) तशी मुभा आहे. क्लायंटच्या कोडमध्ये मी ती घेत नाही, घरच्या प्रयोगात घेतो.

## टप्पा १: कॉम्प्युटर बाजूला, आधी कागद

या टप्प्याला सगळ्यांना कंटाळा येतो, आणि बहुतेक चुका इथेच जन्मतात.

ज्या फंक्शनची टेस्ट लिहायची ते एका वाक्यात लिहा. आमचं असं होतं: प्रत्येक फेरीत करंट वाच, ५ अँपिअरपेक्षा कमी असेल तर मोजणी एकने वाढव, नसेल तर शून्यावर आण, मोजणी ३ झाली की मोटार बंद करून बाहेर पड.

मग मॉकवर कोणते कॉल कोणत्या क्रमाने येणार आणि प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं, ते ओळीने मांडा:

```
१  करंट_वाच  →  ९
२  करंट_वाच  →  ३
३  करंट_वाच  →  ९   (मोजणी परत शून्य)
४  करंट_वाच  →  ३
५  करंट_वाच  →  ३
६  करंट_वाच  →  ३   (मोजणी ३)
७  बंद_कर
   इथे संपलं. सातवं वाचन नाही.
```

दुसऱ्या ओळीतला एकटा ३ मुद्दाम घातलाय. तो नसेल तर "सलग तीन" आणि "एकूण तीन" यांतला फरक टेस्टला कळणारच नाही. शेतात मात्र तो लगेच कळतो. व्होल्टेज जरा हललं की वाचन हलतं, आणि मोटार उगाच बंद पडली तर रात्री दोनला उठून शेतकऱ्याला शेतात जावं लागतं.

यादी मांडताना दोन प्रश्न हमखास उभे राहतात.

पहिला: वाचनच फसलं तर? सेन्सरकडून एरर आली तर ती "कमी" धरायची, "ठीक" धरायची, की सोडून द्यायची? आम्ही सोडून द्यायचं ठरवलं, म्हणजे मोजणी आहे तिथेच राहते. हे कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं, कागदावर आल्यावर सुचलं.

दुसरा: "तीनदा पुन्हा प्रयत्न कर" म्हणजे एकूण कॉल किती? पहिला एक आणि पुढचे तीन, असे चार. की सगळे मिळून तीन? यावर आमच्याकडे एकदा चहा थंड होईपर्यंत वाद झालाय. तुमच्या फंक्शनचा अर्थ ठरवा आणि आकडा कागदावर लिहा. टेस्टमध्ये तोच आकडा जाणार आहे.

तपासा: यादीची शेवटची ओळ "यानंतर कॉल नाही" अशी आहे का? नसेल तर फंक्शन कधी थांबतं हे तुम्हाला अजून ठाऊक नाही.

## टप्पा २: ट्रेट आणि क्रेटची जोडणी

मॉकऑल डेव्ह-डिपेंडन्सीजमध्ये टाका, साध्या डिपेंडन्सीजमध्ये नको. स्टार्टरवर जाणाऱ्या बायनरीत त्याचं काही काम नाही.

मग बाहेरच्या जगाशी बोलणारं सगळं एका ट्रेटमध्ये आणा. आमच्या ट्रेटचं नाव मोटार. तिच्यात तीन मेथडी: करंट_वाच, बंद_कर आणि थांब. तिसरी पुष्कळ जण विसरतात. फंक्शन दोन वाचनांच्या मध्ये पाच सेकंद झोपत असेल आणि ती झोप थेट थ्रेड-स्लीपने लिहिली असेल, तर सहा वाचनांची टेस्ट अर्धा मिनिट घेते. अशा दहा टेस्ट झाल्या की कार्गो टेस्ट चालवायचं सगळेच टाळायला लागतात. झोप ट्रेटमधून गेली की मॉकमध्ये ती क्षणात संपते.

ट्रेटवर ऑटोमॉक हे अ‍ॅट्रिब्यूट लावा, टेस्टसाठी कंपाइल होतानाच लागू होईल अशा अटीसह. त्यातून मॉकमोटार नावाचं स्ट्रक्ट तयार मिळतं आणि प्रत्येक मेथडीसाठी एक्स्पेक्ट_ने सुरू होणारी एक मेथड मिळते.

सावधान: ही अट फक्त त्याच क्रेटच्या युनिट टेस्टना लागू होते. टेस्ट्स नावाच्या वेगळ्या फोल्डरमधल्या इंटिग्रेशन टेस्ट तुमच्या लायब्ररीला बाहेरून वापरतात, तेव्हा लायब्ररी टेस्टच्या अटीविना कंपाइल झालेली असते. तिथे मॉकमोटार सापडत नाही म्हणून डोकं आपटत बसू नका. टेस्ट त्याच फाइलमधल्या टेस्ट मॉड्यूलमध्ये लिहा.

ट्रेट असिंक असेल आणि असिंक-ट्रेट वापरत असाल, तर ऑटोमॉक वर आणि असिंक-ट्रेट खाली. उलट लावलं तर कंपायलर जे बोलतो त्यावरून खरं कारण कळत नाही.

## टप्पा ३: आधी टाइम्स, मग बाकीचं

आता ती जळलेली टेस्ट बघा. आम्ही लिहिलं होतं असं:

```
मॉक.एक्स्पेक्ट_करंट_वाच().रिटर्निंग(|| ओके(९));
मॉक.एक्स्पेक्ट_करंट_वाच().रिटर्निंग(|| ओके(३));
मॉक.एक्स्पेक्ट_बंद_कर().रिटर्निंग(|| ());
तपास(&म्यूट मॉक, ६);
```

तपास हे आपलं फंक्शन, ६ म्हणजे जास्तीत जास्त फेऱ्या. वाचायला सरळ वाटतं: आधी ९, मग ३, मग बंद. मॉकऑल ते तसं वाचत नाही. मेथड कॉल झाली की तो तिच्यावरच्या अपेक्षा लावलेल्या क्रमाने वरून खाली बघतो. जी पहिली जुळते आणि अजून संपलेली नाही, ती वापरतो. टाइम्स लावलेलं नसेल तर अपेक्षेचा अर्थ "कितीही वेळा" असा होतो, आणि त्या कितीहीमध्ये शून्यही आलं. म्हणून पहिल्या ओळीने सहाच्या सहा वाचनं गिळली. दुसरी ओळ एकदाही वापरली गेली नाही. बंद_कर कधी कॉल झालं नाही. शून्य वेळाही चालत असल्याने कुणी तक्रार केली नाही आणि टेस्ट हिरवी झाली.

खरा बग किरकोळ होता. मोजणीचा व्हेरिएबल लूपच्या आत जाहीर केला होता, त्यामुळे तो दर फेरीला शून्यावर येत होता. नुसतं टाइम्स लावलेलं असतं तरी पाच मिनिटांत सापडला असता.

म्हणून माझी सवय: एक्स्पेक्ट लिहिलं की पुढचा शब्द टाइम्स, उत्तर त्यानंतर.

```
मॉक.एक्स्पेक्ट_करंट_वाच().टाइम्स(२).रिटर्निंग(|| ओके(९));
मॉक.एक्स्पेक्ट_करंट_वाच().टाइम्स(३).रिटर्निंग(|| ओके(३));
मॉक.एक्स्पेक्ट_बंद_कर().टाइम्स(१).रिटर्न_कॉन्स्ट(());
```

आता पहिली अपेक्षा दोन कॉलनंतर भरते. भरलेली अपेक्षा ओलांडून मॉकऑल पुढच्या अपेक्षेवर जातो.

टाइम्सला रेंजही चालते, पण जपून. १..=३ अशी रेंज दिली तर अपेक्षा तीन कॉल होईपर्यंत संपत नाही. "एकदा पुरे झालं, आता पुढची घ्या" असं तिला कळत नाही. आणि १.. अशी वरून उघडी रेंज दिली तर आपण परत पहिल्या खड्ड्यात.

थांब या मेथडीला मात्र मी टाइम्स लावत नाही. ती किती वेळा झोपली याच्याशी या टेस्टला देणंघेणं नाही, आणि उद्या कुणी झोपेची जागा बदलली तर टेस्ट उगाच लाल व्हायला नको. एरवी टाइम्स गाळायचं असेल तर ते ठरवून गाळा.

सावधान: काहीच परत न करणाऱ्या मेथडीलाही स्टेबल रस्टवर उत्तर द्यावं लागतं, म्हणून बंद_करच्या ओळीत रिकाम्या कंसाचा रिटर्न_कॉन्स्ट आहे. तो गाळला तर कोड कंपाइल होतो आणि टेस्ट चालताना पॅनिक होते, म्हणजे तिथेच कोसळते.

तपासा: टेस्टमध्ये एक्स्पेक्ट किती वेळा आलंय ते मोजा, टाइम्स किती वेळा आलंय ते मोजा. फरक असेल तर प्रत्येक फरकाचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ४: दर कॉलला वेगळं उत्तर

९, ३, ९, ३, ३, ३ ही मालिका वरच्या पद्धतीने लिहायची तर चार अपेक्षा लागतात: एक, एक, एक आणि तीन. चालतं. पण मालिका लांबली की डोळे फिरतात आणि मधल्या एखाद्या ओळीतला आकडा चुकतो. अशा वेळी उत्तरांची रांग बरी:

```
लेट म्यूट रांग = वेकडेक::फ्रॉम([९, ३, ९, ३, ३, ३]);
लेट किती = रांग.लेन();
मॉक.एक्स्पेक्ट_करंट_वाच()
    .टाइम्स(किती)
    .रिटर्निंग(मूव्ह || ओके(रांग.पॉप_फ्रंट().अनरॅप()));
```

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

मूव्ह हवाच. रिटर्निंगला दिलेला क्लोजर (जागेवरच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) मॉकच्या पोटात राहतो, टेस्ट फंक्शनमधली वस्तू त्याला उसनी घेता येत नाही. आणि रांग एकदा आत गेली की तिची लांबी बाहेरून विचारता येत नाही, म्हणून "किती" आधी काढून ठेवला.

टाइम्स(किती) इथेही हवाच. "रांग संपली की अनरॅप पॅनिक करेलच की" असं एकाने मला ऐकवलं होतं. कॉल जास्त झाले तर करेल. कमी झाले तर? फंक्शन चौथ्या वाचनावरच बाहेर पडलं तर दोन उत्तरं रांगेत पडून राहतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

तिसरी चूक फार फसवी आहे. रांगेऐवजी काही जण साधा आकडा मोजणी म्हणून घेतात, मूव्ह क्लोजरमध्ये तो वाढवतात आणि टेस्टच्या शेवटी बाहेरून तपासतात. बाहेर तो शून्यच दिसतो. पूर्णांक मूव्ह करताना त्याची प्रत आत जाते. आतली प्रत सहापर्यंत पोचते, बाहेरचा मूळ आकडा होता तिथेच राहतो. बाहेरून मोजायचंच असेल तर आर्कमध्ये (एकच वस्तू अनेकांना मिळून धरू देणारा पॉइंटर) अ‍ॅटॉमिक आकडा ठेवा. पण आधी स्वतःला विचारा, हे काम टाइम्स करत असताना आपण का करतोय?

रिटर्न_वन्स बद्दलही सांगतो. क्लोन न होणारी वस्तू, उदाहरणार्थ आयओ एरर, परत द्यायची असेल तर लोक ते वापरतात आणि बरोबरच करतात. पण नावाप्रमाणे ते एकदाच. दुसऱ्या कॉलला ते पॅनिक करतं, तेव्हा पुन्हा पुन्हा येणाऱ्या मेथडीवर ते टाइम्स(१) सोबतच ठेवा. अशा एरर अनेकदा लागत असतील तर रिटर्निंगच्या क्लोजरमध्ये दर वेळी नवी एरर बनवा.

क्लोजरमध्ये आरसी (आर्कचंच एका थ्रेडपुरतं रूप) असेल तर कंपायलर सेंड नाही, म्हणजे दुसऱ्या थ्रेडला देता येत नाही, म्हणून अडवतो. अशा वेळी रिटर्निंग_एसटी घ्या, म्हणजे एकाच थ्रेडपुरतं.

रांगेत आठ-दहाच्या वर उत्तरं जायला लागली की मी मॉक सोडून देतो. पाच ओळींचं साधं नकली स्ट्रक्ट हाताने लिहितो, त्याला वाचनांची यादी देतो आणि शेवटी मोटार चालू की बंद एवढंच विचारतो. मॉकऑल शिकलो म्हणून सगळीकडे मॉकऑलच वापरायचं, असं काही नाही.

## टप्पा ५: अर्ग्युमेंट बघून उत्तर

मोटार बंद झाली की दोन मेसेज जातात, एक मालकाला आणि एक वायरमनला. मेथड एकच, एसएमएस_पाठव. इथे कितवा कॉल हे महत्त्वाचं नाही, कुणाला गेला हे महत्त्वाचं.

```
मॉक.एक्स्पेक्ट_एसएमएस_पाठव()
    .विथएफ(|कोण, _| कोण == "मालक")
    .टाइम्स(१)
    .रिटर्निंग(|_, _| ओके(()));
```

वायरमनसाठी अशीच दुसरी. नुसतं टाइम्स(२) लावून मोकळं झालात तर दोन्ही मेसेज मालकालाच गेले तरी टेस्ट हिरवी राहील. वायरमन घरी झोपलेला आणि मालक दोनदा जागा, असा कारभार.

नेमकी अट वर आणि सरसकट अट खाली, हा क्रम पाळा. वरून खाली बघण्याचा नियम इथेही तोच आहे. "कुणालाही" म्हणणारी मोकळी अपेक्षा वर ठेवली तर तीच सगळे मेसेज उचलते आणि खालच्या नेमक्या अपेक्षा उपाशी राहतात.

रिटर्निंगच्या क्लोजरमधल्या अधोरेषा मेथडीच्या अर्ग्युमेंटइतक्या हव्यात, सेल्फ सोडून. एक कमी पडली तर स्क्रीनभर टाइप एरर येते. ती वाचत बसण्यापेक्षा आधी अधोरेषा मोजा.

## टप्पा ६: दोन मेथडींचा आपसातला क्रम

टप्पा ३ आणि ४ मध्ये एकाच मेथडीच्या उत्तरांचा क्रम जमला. पण "तिसरं कमी वाचन आल्यावरच बंद" हे अजून कुणी तपासलेलं नाही. करंट_वाच सहा वेळा आणि बंद_कर एकदा, एवढंच आपण सांगितलंय. एखाद्याने आधी मोटार बंद केली आणि मग सहा वाचनं घेतली, तरी आकडे जुळतात.

त्यासाठी सीक्वेन्स:

```
लेट म्यूट क्रम = सीक्वेन्स::न्यू();
मॉक.एक्स्पेक्ट_करंट_वाच().टाइम्स(१).इन_सीक्वेन्स(&म्यूट क्रम).रिटर्निंग(|| ओके(९));
मॉक.एक्स्पेक्ट_करंट_वाच().टाइम्स(३).इन_सीक्वेन्स(&म्यूट क्रम).रिटर्निंग(|| ओके(३));
मॉक.एक्स्पेक्ट_बंद_कर().टाइम्स(१).इन_सीक्वेन्स(&म्यूट क्रम).रिटर्न_कॉन्स्ट(());
```

आता दुसऱ्याच कमी वाचनावर कुणी मोटार बंद केली तर टेस्ट तिथल्या तिथे पॅनिक होते.

सीक्वेन्सला नेमका आकडा लागतो. रेंज दिली किंवा टाइम्स लावलंच नाही तर तो पॅनिक करतो. टाइम्स आधी आणि इन_सीक्वेन्स नंतर लिहा, उलट लिहिलं तरी तो पॅनिकच करतो. थांबसारख्या मेथडी सीक्वेन्सबाहेर ठेवल्या तरी मध्ये मध्ये येऊ शकतात, त्या अडत नाहीत.

माझं मत विचाराल तर सीक्वेन्स मिठासारखा वापरा. क्रम बिघडला तर खरोखर नुकसान होतं तिथेच तो लावावा. मोटार बंद करण्याआधी वाचनं झालीच पाहिजेत, इथे तो हवा. मालकाला आधी मेसेज की वायरमनला आधी, याला सीक्वेन्स लावणाऱ्याने पुढच्या माणसाचा विचार केलेला नसतो.

## टप्पा ७: मॉक कुठे मरतो

टाइम्सपेक्षा कॉल जास्त झाले तर मॉक त्याच क्षणी ओरडतो. कमी झाले तर ते त्याला शेवटी, म्हणजे मॉक ड्रॉप होताना (मेमरीतून काढला जाताना) कळतं. म्हणून तो ड्रॉप होतो का, आणि कुठे होतो, हे बघावं लागतं.

मॉक टेस्ट फंक्शनमध्येच असेल आणि तपासला रेफरन्सने दिला असेल तर चिंता नाही. फंक्शन संपलं की तो ड्रॉप होतो आणि हिशोब होतो.

मॉक दुसऱ्या थ्रेडमध्ये पाठवला असेल तर पॅनिक त्या थ्रेडमध्ये होते. जॉइन करून त्याचं उत्तर अनरॅप केलं नाही, तर तुमची टेस्ट शांतपणे हिरवी होऊन निघून जाते. दोन आर्क एकमेकांना धरून बसले असतील तर मॉक कधी ड्रॉपच होत नाही आणि हिशोबही होत नाही.

टेस्ट आधीच दुसऱ्या कारणाने पॅनिक झाली असेल तर ड्रॉपच्या वेळचा हिशोब मॉकऑल सोडून देतो. म्हणून एक असर्ट दुरुस्त केल्यावर अचानक "कॉल कमी झाले" अशी नवी तक्रार दिसली तर घाबरू नका. ती आधीपासून होती, आत्ता दिसली.

लांब टेस्टमध्ये मध्येच हिशोब हवा असेल तर चेकपॉइंट कॉल करा. तोवरच्या अपेक्षा तपासल्या जातात आणि पुसल्याही जातात. पुढच्या भागासाठी त्या नव्याने लावाव्या लागतात, हे पुसण्याचं लोक विसरतात.

अपेक्षा लावायला मॉक म्यूटेबल लागतो. आर्कमध्ये किंवा दुसऱ्या स्ट्रक्टमध्ये टाकण्याआधी सगळ्या अपेक्षा लावून घ्या.

स्टॅटिक मेथडींच्या मॉकवर मी फार लिहीत नाही, एवढंच सांगतो: त्यांच्या अपेक्षा कॉन्टेक्स्टवर लागतात आणि सगळ्या टेस्टमध्ये सामायिक असतात. कार्गो टेस्ट तर टेस्ट समांतर चालवते. म्यूटेक्सने एकेक करून चालवा, नाहीतर कधी हिरवं कधी लाल असा उन्हाळी लाइटीसारखा खेळ सुरू होतो.

## टप्पा ८: टेस्ट लाल करून बघा

हिरव्या टेस्टवर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्ही मोटार जाळून शिकलो. टेस्ट हिरवी झाली की मूळ फंक्शन मुद्दाम बिघडवा, एका वेळी एकच गोष्ट:

१. मोजणीची मर्यादा ३ ऐवजी २ करा. सीक्वेन्सची टेस्ट लाल व्हायला हवी.
२. मर्यादा ४ करा. बंद_कर कमी वेळा कॉल झालं अशी तक्रार यायला हवी.
३. मोजणी शून्यावर आणणारी ओळ काढा. ९, ३, ९, ३, ३, ३ वाली टेस्ट लाल व्हायला हवी, कारण आता पाचव्याच वाचनावर मोटार बंद होईल आणि सहावं वाचन होणार नाही.
४. मोजणीचा व्हेरिएबल लूपच्या आत न्या. हा आमचा बग.

एखाद्या बदलाने एकही टेस्ट लाल झाली नाही, तर त्या वागणुकीची टेस्ट तुमच्याकडे नाही. टप्पा १ चा कागद काढा.

लाल झाल्यावर संदेश नीट वाचा, त्यात बरंच काही असतं. "फ्यूअर दॅन एक्स्पेक्टेड" आलं तर कॉल कमी पडले: फंक्शन लवकर बाहेर पडलं किंवा वरच्या अपेक्षेने कॉल गिळले. "मोर दॅन द एक्स्पेक्टेड" आलं तर कॉल जास्त झाले. "नो मॅचिंग एक्स्पेक्टेशन फाउंड" आलं तर बहुतेकांना अर्ग्युमेंट चुकल्यासारखं वाटतं. तसं असू शकतं. पण त्या मेथडीवर दोन-तीन अपेक्षा असतील आणि त्या सगळ्या भरून गेल्या असतील, तर जादाच्या कॉललाही हाच संदेश येतो. तासभर विथएफ तपासत बसण्याआधी कॉल मोजा.

अंबडच्या टेस्टमध्ये आता चार मॉक आहेत. चौथा ३, ३, एरर, ३ अशी वाचनं देतो आणि बंद_कर एकदा व्हावं असं सांगतो. रांगेत एरर असल्यामुळे तिथे उत्तरं ओके आणि एरसकट भरली आहेत. तो लिहिला त्याच दिवशी दुसरा बग सापडला: एरर आली की कोड प्रश्नचिन्हाने (एरर तशीच बाहेर पाठवणारं रस्टचं चिन्ह) थेट फंक्शनबाहेर पडत होता, मोटार चालूच ठेवून.